लांबलचक नाव ठेवायचंय? मग ते कुठे मोडणार, हे आधी ठरवा

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की मुलगी झाली आहे, बारसं तोंडावर आलंय. सासरी कन्नड बोलतात आणि सासऱ्यांना नातीचं नाव 'राजराजेश्वरी' हवंय. तुम्ही माहेरच्या मराठी, तुम्हालाही भरघोस नाव मनातून आवडतं. पण माहेरचे म्हणतात, एवढं नाव कुठल्या फॉर्मात मावणार, शाळेत पोरं चिडवतील, त्यापेक्षा 'रिया' ठेव आणि मोकळी हो.

मोठं नाव बिनधास्त ठेवा. मी सोलापुरात शाळेत संस्कृत शिकवलं, आणि शाळेचं जनरल रजिस्टर नि दहावीचे फॉर्म बरीच वर्षं माझ्याच टेबलावर होते. आता निवृत्तीनंतर लोक बारशाआधी नाव विचारायला येतात. पाळण्यातलं नाव पुढे दाखल्यावर कसं उतरतं, हे मी जवळून पाहिलंय. लांबीमुळे कुणाचं अडलेलं मला आठवत नाही. अडतं ते दोन कारणांनी. नाव कुठे मोडणार हे घरात कुणी ठरवलेलं नसतं, आणि इंग्रजी स्पेलिंग चार कागदांवर चार तऱ्हेचं असतं.

आधी मोडण्याचं बोलू. न मोडलेलं लांब नाव मी अजून पाहिलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावं काय लहान होती? भागीरथी, सत्यभामा, गोदावरी, अन्नपूर्णा, मंदोदरी. घरात त्या भागू, भामा, गोदा, अन्नू झाल्या. पंढरपूरच्या रुक्मिणीचीसुद्धा रखुमाई झाली आणि गावोगावी रखमा झाली. आपल्या गावातलं विद्यापीठच बघा की. 2004 साली स्थापन झालं तेव्हा नुसतं सोलापूर विद्यापीठ होतं. 2019 मध्ये ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. पदवीवर पूर्ण नाव शोभून दिसतं, पण रिक्षात बसताना आपण 'युनिव्हर्सिटी' एवढंच म्हणतो. यात नावाचा अपमान नाही. मोठ्या नावाला दोन रूपं लागतात, एक कागदाचं आणि एक हाक मारायचं.

फरक एवढाच की हाकेचं रूप तुम्ही ठरवलं नाही तर गल्ली ठरवते. आणि गल्लीला अर्थाशी काही घेणं नसतं. मंदाकिनी हे काय सुंदर नाव, स्वर्गातली गंगा. पण घरच्यांनी काही ठरवलं नाही म्हणून ती 'मंदा' झाली, आणि आजच्या पोरांना मंदा म्हटलं की 'मंद' आठवतं. त्रिपुरसुंदरी नावाचं शाळेत 'सुंदरी' होतं, आणि सातवीच्या वर्गात सुंदरी नावाच्या मुलीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. कामाक्षी तेलुगू घरात इतकं नेहमीचं नाव, मराठी वर्गात मात्र त्याच्या पहिल्या दोन अक्षरांवर कोटी होते. नाव वाईट नाही, मोड वाईट जागी पडली.

चांगल्या संस्कृत नावांना उसासारखी पेरं असतात. कांडं पेरावर नीट मोडतं, मधेच मोडायला गेलात तर चिरफाळतं. वसुंधरा 'वसू' आणि 'धरा' अशी मोडते, दोन्ही तुकडे चांगले. सौदामिनीतून 'दामिनी' निघते, अर्थ तोच, वीज. घरात लाडाने 'मिनी' म्हणा. प्रियदर्शिनीची 'प्रिया', चित्रांगदेची 'चित्रा', हेमांगिनीची 'हेमा', अरुंधतीची 'अरू'. भुवनेश्वरी आणि राजेश्वरी या दोघींतून 'ईश्वरी' निघते, ती तर स्वतंत्र नाव म्हणून आजही ठेवतात.

हल्ली आईच्या नावाचं एक अक्षर आणि बापाच्या नावाची दोन अक्षरं जोडून नवीन नाव करायची पद्धत आली आहे. वर इंटरनेटवर त्याचा 'अर्थ'ही मिळतो, 'देवीचा आशीर्वाद' नाहीतर 'चंद्राचा प्रकाश', काहीही. अशा नावाला पेरच नसतं. ते लांब केलं तर तोंडात अडकतं, तोडलं तर काही उरत नाही. मोठं नाव ठेवायचं असेल तर मुळात शब्द असलेलं ठेवा. शंका आली तर वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात बघा. तिथे नाही आणि कुठल्या पोथी-पुराणातही नाही, तर मोबाईलवरच्या अर्थावर विसंबू नका.

शाळेच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगते, ती लोकांच्या लक्षात येत नाही. लांब नाव आणि अवघड नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या मुलीला आधी साधी अक्षरं येतात, मग काना-वेलांटी, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. मधुमालती पाच अक्षरी आहे, पण त्यात एकही जोडाक्षर नाही, पोरगी दिवाळीच्या सुट्टीआधी वहीवर आपलं नाव लिहिते. कुमुदिनी, मंदाकिनी, सौदामिनी, हेमांगिनी, वसुंधरा यांचंही तसंच. उलट मृण्मयी तीनच अक्षरी, पण 'मृ' आणि 'ण्म' पाठोपाठ येतात तिथे मोठी माणसंही अडखळतात. शर्मिष्ठेला रफार आहे नि वर 'ष्ठ'. राजराजेश्वरीत त्या मानाने एकच 'श्व' आहे. तो तर सिद्धेश्वरातही आहे, सोलापूरच्या पोराला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

चिडवण्याचं म्हणाल तर पोरं कशावरूनही चिडवतात. आखूड नावाचीही वेगळी कटकट असते. माझ्या शेवटच्या वर्षांत एकेका वर्गात तीन-तीन 'आराध्या' नि दोन-दोन 'स्वरा' असायच्या. बाई हजेरी घ्यायला लागल्या की पहिल्या नावाला तिघी 'हजर' म्हणायच्या, मग आडनावाने बोलवायचं. राजेश्वरी मात्र शाळेत एकटीच असायची.

आता तुमच्या घराचं. सोलापूर म्हणजे तीन भाषांचं गाव. पूर्व भागात तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड, बाकी मराठी, आणि उर्दू आहेच. लग्नंही आता सरमिसळ होतात. अशा घरात दोन अक्षरी फॅशनेबल नाव ठेवलं की दोन्हीकडच्या आज्यांना ते परकं वाटतं. राजेश्वरी, अन्नपूर्णा, भाग्यलक्ष्मी, विजयालक्ष्मी, पद्मावती ही नावं मात्र तिन्ही भाषांत घरचीच. कन्नड आजी 'राजव्वा' म्हणेल, तेलुगू शेजारीण 'राजम्मा' म्हणेल, तुमची आई 'राजू' म्हणेल, आणि कुणालाही जीभ वळवावी लागणार नाही. मोठ्या नावाच्या बाजूने याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

घर लिंगायत असेल तर सासऱ्यांपुढे आणखी एक नाव ठेवून बघा: नीलांबिका. बसवेश्वरांची पत्नी, स्वतः वचनं, म्हणजे कन्नडमधल्या छोट्या भक्तिरचना, लिहिणारी. 'नीला' आणि 'अंबिका' असे दोन्ही तुकडे छान. अक्कमहादेवीही बाराव्या शतकातली थोर वचनकार. पण 'अक्का' हा आदराचा शब्द तान्ह्या पोरीला लावायचा की नाही, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नुसतं 'महादेवी' ठेवणारी घरं भरपूर आहेत.

राजराजेश्वरीबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर 'राजेश्वरी' करा. पहिलं 'राज' गेलं तरी देवी तीच राहते, आणि सासऱ्यांना पाळण्यात पूर्ण नाव घेऊ द्या. आपल्याकडे बारशाला एकच नाव ठेवायचं असं कुठे आहे? जुन्या पद्धतीत चार नावं असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. आत्या कानात 'कुर्रर्र' करून जे सांगेल ते व्यवहाराचं. राजराजेश्वरी देवतेचं नाव म्हणून घ्या, दाखल्यावर राजेश्वरी येऊ द्या. सासरे तरीही पूर्ण नावावर अडून बसले तर वाद घालू नका. तेही चांगलंच नाव आहे, आणि हाकेला 'ईश्वरी' आहेच. नुसती एक कल्पना करून बघा: 'अगं राजराजेश्वरी, ताट उचल.' रागावताना एवढं नाव पुरं होईपर्यंत राग निवतो, हा फायदाही धरा.

नक्षत्राच्या अक्षराचं फार मनावर घेऊ नका. 'रा' हे चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर, तुमच्या मुलीचा जन्म त्यावर असेल तर उत्तमच. नसेल तर नक्षत्रनाम पत्रिकेत राहू द्या. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ अशी आहेत. आता 'ण' वरून मुलीचं नाव कुठून आणायचं? म्हणूनच पूर्वी पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असायचं. कुणी शास्त्राचा दाखला देत अक्षरं मोजायला सांगितलं तर त्यांना एवढंच म्हणा: पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं आहे खरं, पण त्या कसोटीवर लक्ष्मी, सरस्वती, सीता आणि गंगा चौघीही नापास होतात. आणि अंकशास्त्रवाल्यांचं तर अजिबात ऐकू नका. ते नावात एक जादा 'ए' घालायला सांगतात, आणि तो 'ए' पोरगी जन्मभर प्रत्येक खिडकीवर समजावून सांगत बसते.

तो 'ए' कसा नडतो, ते कागदांवर आलं की कळतं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती बहुतेक दवाखानाच महापालिकेकडे पाठवतो. पण त्यात बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाचा रकाना कोरा ठेवता येतो आणि जन्मनोंदणीच्या कायद्यानुसार 12 महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे दवाखान्यातल्या नर्सने फॉर्म पुढे केला म्हणून घाईत नाव आणि स्पेलिंग लिहून द्यायचं कारण नाही. बारसं होऊ द्या, घरात एकमत होऊ द्या.

घाई करू नका म्हणते त्याला कारण आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी चुकलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर सावरून घेता यायचं, आता सगळे कागद त्या एका कागदावरून निघतात.

दुसरा बदल आपल्या राज्यातला. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर चार भागांत लिहायचं असा निर्णय आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. तुम्हाला मोठं नाव ठेवायचंय तर खरा विचार इथे करायचा. पूर्वी नाव ठेवताना फक्त बापाचं नाव नि आडनाव जोडून बघायचे. आता चारही मोठ्याने म्हणून बघा. आईचं नाव अन्नपूर्णा, वडिलांचं सिद्धेश्वर आणि आडनाव बिराजदार असं समजा. 'राजराजेश्वरी अन्नपूर्णा सिद्धेश्वर बिराजदार' हे बक्षीस समारंभात भारदस्त वाटेल, पण सूत्रसंचालकाला मधे श्वास घ्यावा लागेल.

पासपोर्टचा हिशेबही करून दाखवते, कारण 'मावणार नाही' ही भीती तिथेच थोडीफार खरी ठरते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या पहिल्या ओळीत 44 जागा, त्यापैकी नावाला 39. आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीची नावं, प्रत्येक नावामध्ये एक खूण. बिराजदारची 8 इंग्रजी अक्षरं, 2 खुणा, राजराजेश्वरीची 14, एक खूण, अन्नपूर्णाची 9, एक खूण, सिद्धेश्वरची 11. झाले 46. म्हणजे त्या ओळीत नावाचा शेवट तुटतो. आता राजराजेश्वरीच्या जागी राजेश्वरी घाला, 10 अक्षरं. तरी 42. 'रिया' घातलं तर 36, मावतं. पण राजराजेश्वरी तशीच ठेवून मधलं आईचं नाव काढलं तरी 36 च होतात. थोडक्यात, दोष एकट्या पोरीच्या नावाचा नाही, चौघांच्या बेरजेचा आहे. आणि नाव तुटलं म्हणून पासपोर्ट अडत नाही. वरच्या भागात नाव छापलेलं असतं, आणि लांब नावं यंत्राच्या ओळीत कशी तोडायची याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. केरळ-तामिळनाडूतली माणसं याहून लांब नावं घेऊन जग फिरतात.

याच्या दहापट त्रास स्पेलिंग देतं, आणि तुमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात जास्तच. राजेश्वरीतला 'श्व' मराठी माणूस एस-एच-डब्ल्यू लिहितो, कुणी एस-एच-व्ही लिहितो, तेलुगू घरात बहुधा एच गाळतात, कन्नड घरात दोन्ही चालतं. शेवटची 'री' कुणी एका आय ने लिहितं, कुणी डबल ई ने. नाव पद्मावती असतं तर आणखी गंमत. दक्षिणेकडे 'त' साठी टी-एच लिहितात, तो कागद मराठी कारकुनासमोर आला की पद्मावतीची 'पद्मावथी' होते. 'ऋ' आम्ही आर-यू लिहितो, हिंदीवाले आर-आय. 'ज्ञ' चं तर विचारूच नका, डी-एन-वाय, जी-एन आणि जी-वाय असे तीन पंथ आहेत. नाव जितकं लांब तितक्या अशा जागा जास्त. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत मुलीचं नाव आधारशी जुळलं नाही की 'मिसमॅच' येतो, आणि मग वर्गशिक्षिका फोन करत बसतात. मी असे फोन पुष्कळ केले आहेत. त्यात लांब नावाच्या मुली होत्या तशा 'पूजा'ही होत्या, एकीकडे यू आणि दुसरीकडे डबल ओ.

तेव्हा स्पेलिंग एकदा कागदावर लिहून काढा. नवरा-बायको, आत्या, आजोबा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा, आणि जन्मदाखल्यापासून निळ्या बाल आधारपर्यंत तेच घाला. आधारवर नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं, ते दोन्ही मौके पाच वर्षांच्या आत खर्चू नका. शाळा सुटल्यावर दाखल्यातलं नाव दुरुस्त करणं फार जिकिरीचं. आणि पूर्ण बदलायचं झालं तर राजपत्रात जाहिरात.

जोडनाव असेल तर मधे जागा सोडू नका. विजयालक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अखंड लिहा. 'भाग्य' आणि 'लक्ष्मी' वेगळं लिहिलं की संगणक 'भाग्य' हे नाव आणि 'लक्ष्मी' हे मधलं नाव धरतो. आता मधे आईचंही नाव असल्यामुळे लक्ष्मी ही मुलीची आई ठरते. हे विनोदाने सांगत नाही, अशी नोंद मी पाहिलीय. आणि हाकेचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका, अगदी पोस्टाच्या सुकन्या खात्यावरसुद्धा. 'घरात सगळे ईश्वरीच म्हणतात' म्हणून कुणीतरी आधारवर ईश्वरी लिहितं, आणि मग राजेश्वरी व ईश्वरी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

तुमच्या आईला सांगा, रिया नाव वाईट नाही, पण ते ठेवूनही यातलं एकही काम चुकत नाही. आणि दुसरं मूल व्हायचं असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा. थोरली राजराजेश्वरी आणि धाकटी नुसती 'टिया' अशा दोन बहिणी एका घरात आल्या की धाकटी आठवीत गेल्यावर विचारते, माझ्या वेळी तुम्हाला कंटाळा आला होता का?